हळदीची टीएलसी: तीन ठिपक्यांऐवजी पिवळा ओघळ येतो तेव्हा

टीएलसी म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, प्लेटवरच्या पातळ थरात मिश्रणातले घटक वेगळे करण्याची पद्धत. हळदीचा मिथेनॉलमधला अर्क सिलिकाच्या प्लेटवर लावला आणि क्लोरोफॉर्म-मिथेनॉलच्या ९५:५ मिश्रणात चालवला, की एकाखाली एक असे तीन पिवळे ठिपके सुटे दिसले पाहिजेत. सगळ्यात वर कर्क्युमिन, मधे डिमिथॉक्सीकर्क्युमिन, खाली बिसडिमिथॉक्सीकर्क्युमिन. ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली तिन्ही हिरवट-पिवळे चमकतात. सांगलीत हळदीचा प्रकल्प कुणी ना कुणी दरवर्षी घेतंच. वाळव्याचा मुलगा घरच्या राजापुरी हळदीची पूड आणतो, तासगावची मुलगी आठवडी बाजारातली सुटी हळद आणते. आणि दरवर्षी टेबलाजवळ तेच वाक्य ऐकू येतं: "सर, प्लेटच खराब आहे." प्लेट क्वचितच खराब असते. बिघाड कुठे असतो आणि तो कोणत्या क्रमाने शोधायचा, ते इथे लिहितो.

तुमच्या प्लेटवर नेमकं काय दिसतंय?

- सुरुवातीच्या रेषेपासून वरपर्यंत एकसंध पिवळा ओघळ, कुठेही तुटलेला नाही.
- ठिपके सुटे आहेत, पण प्रत्येकाला खाली लांब शेपूट.
- सगळं खालच्या रेषेवरच बसलेलं, किंवा सगळं द्रावकाबरोबर वर पळालेलं.
- द्रावकाची वरची कड वाकडी. कडेचे ठिपके वर, मधले खाली.
- प्लेटवर जवळजवळ काहीच नाही, मात्र बीकरमधला द्रावक पिवळा झालेला.
- काल तीन ठिपके आले, आज तोच अर्क, तेच मिश्रण, आणि ठिपके भलत्याच उंचीवर.

आधी प्लेटचा फोटो काढा आणि सुरुवातीची रेषा व द्रावक पोहोचला ती रेषा पेन्सिलीने आखून ठेवा. द्रावक उडून गेला की वरची रेषा दिसत नाही. मग आरएफ काढता येत नाही आणि पुढची सगळी तपासणी अंदाजावर चालते. ठिपक्याने कापलेलं अंतर भागिले द्रावकाने कापलेलं अंतर म्हणजे आरएफ. दोन्ही अंतरं सुरुवातीच्या रेषेपासून मोजायची. ठिपका ४.२ सेंटीमीटर आणि द्रावक ६ सेंटीमीटर चढला, तर आरएफ ०.७०.

प्लेटवर नेमकं काय चालतं

प्लेटवर दोन ओढी एकाच वेळी काम करतात. सिलिकाच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट रेणूला धरून ठेवतात आणि वर चढणारा द्रावक त्याला सोबत नेऊ पाहतो. ज्या रेणूची सिलिकाशी जवळीक जास्त, तो मागे राहतो. हळदीतले तिन्ही रेणू सख्ख्या भावंडांइतके सारखे असतात, फरक फक्त मिथॉक्सी गटांचा. कर्क्युमिनला दोन, डिमिथॉक्सीला एक, बिसडिमिथॉक्सीला एकही नाही. मिथॉक्सी गट शेजारच्या फिनॉलिक हायड्रॉक्सिलला आतल्या आत हायड्रोजन बंधाने अडकवतो, त्यामुळे तो हायड्रॉक्सिल सिलिकाला धरायला फारसा मोकळा राहत नाही. म्हणून कर्क्युमिन सगळ्यात वर जातं. बिसडिमिथॉक्सीचे दोन्ही हायड्रॉक्सिल मोकळे, म्हणून ते सगळ्यात खाली.

एवढ्या छोट्या फरकावर वेगळं व्हायचं म्हटल्यावर दोन्ही ओढींचा तोल नीट लागतो. वरची प्रत्येक तक्रार म्हणजे हा तोल कुठेतरी ढळल्याची खूण आहे.

आता तपासण्या. पहिल्या काहींना एक रुपयाही लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. मिश्रण, प्लेट आणि अर्क एकदम बदलून ठिपके आले, तर कशामुळे आले ते कधीच कळणार नाही आणि पुढच्या आठवड्यात तीच तक्रार परत येईल.

रेषा आणि द्रावकाची उंची

रेषा पेन्सिलीनेच काढलेली हवी. बॉलपेनची किंवा जेलपेनची शाई मिथेनॉलमध्ये विरघळते आणि ठिपक्यांबरोबर वर चढते. निळे-जांभळे पट्टे दिसले तर कारण हेच.

द्रावकाची पातळी रेषेच्या खाली हवी. रेषा खालून १ सेंटीमीटरवर काढा आणि बीकरमध्ये द्रावक अर्धा सेंटीमीटर ठेवा. ठिपका द्रावकात बुडाला तर तो सिलिकात चढण्याऐवजी बीकरमध्येच विरघळतो. बीकर पिवळा आणि प्लेट कोरी, या तक्रारीचं उत्तर इथेच मिळतं. प्लेट चिमट्याने सरळ उतरवा, तिरकी नको. कडेचे ठिपके प्लेटच्या कडेपासून किमान १ सेंटीमीटर आत हवेत.

ठिपका किती मोठा, अर्क किती दाट

मला विचाराल तर ओघळाचं सर्वांत मोठं कारण हेच, म्हणून इथे जरा थांबतो.

मुलं साधारण १ ग्रॅम पूड १० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये हलवतात, गाळतात आणि गडद नारिंगी अर्क तसाच प्लेटवर लावतात. रंग दिसला पाहिजे म्हणून एकाच जागी चार-पाच वेळा टेकवतात. आता हिशोब करू. हळदीत कर्क्युमिनॉइड, म्हणजे हे तिन्ही रेणू मिळून, ३ टक्के धरले तर १ ग्रॅममध्ये ३० मिलिग्रॅम, म्हणजे अर्कात दर मिलिलिटरला सुमारे ३ मिलिग्रॅम. प्लेटला दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपासच्या द्रावणाचा एक-दोन मायक्रोलिटर पुरतो. म्हणजे अर्क आधीच तिप्पट दाट, आणि त्यावर पाच वेळा टेकवणं.

सिलिकावर रेणूला धरणाऱ्या जागा मोजक्या असतात. एसटीत सीट भरल्या की उरलेले उभ्याने पुढे सरकतात, तसे जागा न मिळालेले रेणू द्रावकाबरोबर पुढे निघून जातात आणि धरलेले मागे रेंगाळतात. त्यामुळे ठिपका पुढून गच्च आणि मागून लांबट होतो. तीन लांबट ठिपके एकमेकांवर आले की तो एकच ओघळ दिसतो.

खात्री करणं अगदी सोपं आहे. त्याच अर्काचे तीन भाग करा: एक तसाच, एक पाचपट पातळ, एक दहापट पातळ. एकाच प्लेटवर शेजारी-शेजारी लावा. काचेची केशनलिका क्षणभर टेकवायची आणि उचलायची. ठिपक्याचा व्यास २ मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. पातळ अर्काचे ठिपके सुटे आले आणि दाट अर्काचा ओघळ तसाच राहिला, तर दोष सापडला. पातळ ठिपका डोळ्याला फिका वाटला तरी काळजी नको, ३६६ च्या दिव्याखाली तो छान दिसतो.

ठिपका पूर्ण वाळल्याशिवाय प्लेट द्रावकात उतरवू नका. अर्क मिथेनॉलमधला आहे आणि आपल्या मिश्रणात मिथेनॉल फक्त ५ टक्के. ओल्या ठिपक्यात शुद्ध मिथेनॉल राहिलं तर त्या जागी द्रावकाची ओढ अचानक वाढते आणि ठिपका धावायच्या आधीच पसरतो. साध्या हवेत एक-दोन मिनिटं पुरतात. घाई असेल तर ड्रायरची थंड हवा घ्या.

चेंबर

झाकण नसलेल्या बीकरमध्ये प्लेट चालवणं ही दुसरी नेहमीची गोष्ट. चेंबरमध्ये बाष्प भरलेलं नसेल तर प्लेटवर चढता चढताच द्रावक उडतो. कडेकडून जास्त उडतो, म्हणून कडेला तो जास्त ओढला जातो. मग वरची रेषा वाकडी होते आणि एकाच अर्काचे दोन ठिपके दोन उंचींवर दिसतात.

बीकरच्या आतल्या बाजूने गाळणकागद लावा, द्रावक घालून हलवा, झाकण ठेवा आणि १५ ते २० मिनिटं तसंच राहू द्या. कागद पूर्ण ओला दिसला की मगच प्लेट सोडा. कागद प्लेटला चिकटू देऊ नका, चिकटला तर त्या बाजूने द्रावक वेगळाच चढतो. प्लेट चालू असताना झाकण उघडून बघायचं नाही. टेबल सपाट आहे का तेही पाहा. कडप्प्याचा ओटा एका बाजूला उतरता असला तर वरची रेषा तिरकी येते आणि सगळे चेंबरवर संशय घेत बसतात. वॉचग्लासचं झाकण चालतं. चकतीच्या झाकणाची काचेची बरणी असेल तर उत्तम.

मिश्रण ताजं आहे का, आणि बाटली कोणती?

ही तपासणी थोडी खर्चाची, पण उन्हाळ्यात तीच पहिली करावी लागते. एप्रिल-मे मध्ये सांगलीत पारा चाळिशीच्या घरात असतो आणि प्रयोगशाळेत पंखा फिरत असतो. सकाळी बनवलेलं मिश्रण दुपारी तेच राहत नाही.

बहुतेकांना वाटतं, क्लोरोफॉर्म ६१ अंशाला उकळतं आणि मिथेनॉल ६५ ला, म्हणजे क्लोरोफॉर्म आधी उडेल आणि मिश्रणात मिथेनॉल वाढत जाईल. प्रत्यक्षात उलट होतं. हे दोन्ही द्रव मिळून ५३ अंशाच्या आसपास उकळणारं मिश्रण बनवतात आणि त्यात मिथेनॉलचा वाटा आपल्या ९५:५ पेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे आपल्या मिश्रणावरच्या बाष्पात मिथेनॉल जास्त असतं, तेच आधी निघून जातं आणि उरलेल्या द्रावकाची ओढ कमी होते. सकाळी मधे असलेले ठिपके दुपारी खाली उतरतात ते यामुळे. एका मिश्रणावर एक प्लेट, फार तर दोन. नंतर ताजं घ्या.

मोजताना छोट्या मापाचा धोका ओळखा. १० मिलिलिटर मिश्रणात मिथेनॉल फक्त अर्धा मिलिलिटर. मोजपात्राने अर्धा मिलिलिटर नीट मोजता येत नाही. १९ मिलिलिटर क्लोरोफॉर्म आणि पिपेटने १ मिलिलिटर मिथेनॉल असं २० मिलिलिटर बनवा. पिपेटला रबरी बल्ब लावा. तोंडाने ओढायचं नाही, इथे सवलत नाही.

क्लोरोफॉर्मची बाटली बदलली का, हेही पाहा. क्लोरोफॉर्म हवेत आणि उजेडात हळूहळू विघटित होऊन फॉस्जीनसारखा विषारी वायू बनू शकतो, म्हणून उत्पादक त्यात स्थिरकारक घालतात. काही बाटल्यांत ०.५ ते १ टक्का इथेनॉल असतं, काहींत अ‍ॅमिलीन. इथेनॉल ध्रुवीय असल्याने ते आपल्या मिश्रणात गुपचूप भर घालतं. ५ टक्के मिथेनॉलवर १ टक्का इथेनॉल ही लहान बाब नाही. नवी बाटली उघडल्यावर सगळे ठिपके एकदम वर किंवा खाली सरकले तर लेबलवरची स्थिरकारकाची ओळ वाचा आणि वहीत नोंदवा. या एका ओळीने पुढच्या वर्षीच्या मुलांचा बराच वेळ वाचतो.

सगळे ठिपके खालीच बसलेत तर मिथेनॉल थोडं वाढवा, सगळे वर पळाले तर कमी करा. आरएफ साधारण ०.३ ते ०.७ च्या पट्ट्यात आले की अंतर नीट दिसतं. एका वेळी एका टक्क्याने बदला.

ठिपके सुटे आहेत, अर्कही पातळ आहे, तरी शेपूट जात नाही? फिनॉलिक संयुगांचं असं होतं. २० मिलिलिटर मिश्रणात ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्लाचे एक-दोन थेंब घालून बघा. आम्लामुळे फिनॉल आयनरूपात जात नाही आणि ठिपका आटोपशीर राहतो.

प्लेट दमट झाली का?

सांगलीत पाऊस महाबळेश्वरासारखा कोसळत नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेकाठची हवा दमट असते आणि उघड्या पाकिटातली सिलिका ते पाणी शोषून घेते. पाणी तिच्या हायड्रॉक्सिल गटांवर बसतं, रेणूंना धरायला जागा उरत नाही आणि सगळे ठिपके नेहमीपेक्षा वर जातात. उन्हाळ्यात ठिपके खाली, पावसाळ्यात वर, असं दिसलं तर गोंधळू नका. पहिल्यात द्रावक बिघडला, दुसऱ्यात प्लेट.

ओव्हनमध्ये ११० अंशाला अर्धा तास ठेवा, मग डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा आणि लगेच वापरा. ओव्हनमधून काढून टेबलावर थंड करत ठेवलेली प्लेट परत पाणी ओढते. बोटं फक्त कडांना लागू द्या, हाताचं तेल अतिनील दिव्याखाली ठिपका म्हणून दिसतं. कोरड्या शोषकाचं महत्त्व या पद्धतीच्या सुरुवातीपासून आहे. मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांतली रंगद्रव्यं कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीच्या नळीत वेगळी केली आणि १९०६ मध्ये या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. ती भुकटीही कोरडीच लागायची.

काचेवर हाताने थर पसरून प्लेट केली असेल तर जाडी सगळीकडे सारखी आहे का ते उजेडासमोर धरून पाहा. सर्वसाधारण जाडी पाव मिलिमीटर. गुठळी असेल तिथे द्रावक अडतो आणि ठिपका वाकडा जातो. असा थर दुरुस्त होत नाही, तो खरवडून नवा करा. खरवडताना मास्क लावा, सिलिकाची धूळ फुप्फुसांना चांगली नाही.

अर्क आणि तुलनेचा नमुना

कर्क्युमिन उजेडात विघटित होतं. खिडकीपाशी आठवडाभर ठेवलेला अर्क नव्या अर्काशी तुलनेला घेऊ नका. बाटलीला फॉइल गुंडाळा आणि शक्यतो त्याच दिवशी वापरा. काचेच्या भांड्याला धुण्याचा सोडा राहिला असेल तर अर्क लालसर होतो, कारण अल्कलीत कर्क्युमिन लाल होतं आणि लवकर मोडतं. भांडं डिस्टिल्ड पाण्याने शेवटचं धुऊन घ्या.

हळदीतलं बाष्पनशील तेल, त्यातले टर्मेरोन, ध्रुवीय नसल्याने वर पळतात. वरच्या टोकाला धूसर पट्टा त्यांचा असू शकतो. पूड आधी हेक्झेनने धुऊन घेतली तर तेल निघून जातं. कर्क्युमिन हेक्झेनमध्ये जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते वाया जात नाही.

तुलनेला बाजारातलं कर्क्युमिन आणलं आणि त्याचेही तीन ठिपके आले, म्हणून बाटली परत करायला कुणी निघालं तर थांबवा. साधारण व्यापारी कर्क्युमिनमध्ये सुमारे ७७ टक्के कर्क्युमिन, १७ टक्के डिमिथॉक्सी आणि ३ टक्के बिसडिमिथॉक्सी असतं. तीन ठिपके आले म्हणजे प्लेट उत्तम चालली.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

फ्यूम हूड (वाफा बाहेर खेचणारं कपाट) बंद असेल तर प्रयोग थांबवा. क्लोरोफॉर्म खिडकी उघडून वापरण्याची वस्तू नाही, आणि ज्योतीजवळ तर अजिबात नाही. हूड दुरुस्त करणाऱ्याला बोलवा, तोवर शाईचे रंग गाळणकागदावर पाण्यात वेगळे करा, तत्त्व तेच शिकायला मिळतं. उरलेला क्लोरोफॉर्म वेगळ्या लेबलच्या बाटलीत जमवा. अ‍ॅसिटोनच्या कचऱ्यात तो कधीच ओतू नका. अल्कली असेल तर क्लोरोफॉर्म आणि अ‍ॅसिटोनची प्रतिक्रिया स्फोटक होऊ शकते.

विभागात एचपीएलसी (दाबाने द्रावक भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, ढकलून घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) असेल आणि तिचा दाब वाढत चालला असेल, तर द्रावक गाळला आहे का आणि त्यात हवेचे बुडबुडे आहेत का एवढं पाहून थांबा. पंप उघडणं, सील बदलणं, कॉलम उलटा धुणं हे काम सर्व्हिस इंजिनिअरचं. कॉलम महाग असतो आणि चुकीच्या दिशेने धुतल्याने तो कायमचा जाऊ शकतो.

हळदीत कर्क्युमिन किती टक्के, हे टीएलसीने सांगू नका. मार्केट यार्डात दर ठरवायला कुणी तुमचा आकडा मागितला तरी नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा निदान ४२५ नॅनोमीटरला शोषण मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो आणि काम एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं.

भेसळीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. मेटॅनिल यलो हा रंग अतिध्रुवीय असल्याने आपल्या मिश्रणात खालच्या रेषेजवळच अडकतो. तिथे पिवळा डाग दिसला तर संशय घ्यायला जागा आहे, पण तेवढ्यावर दुकानदाराला पकडू नका. आम्ल टाकल्यावर गुलाबी रंग येणं हीसुद्धा फक्त प्राथमिक खूण, कारण तीव्र आम्लात कर्क्युमिनही लालसर होतं. भेसळीचा दुसरा पिवळा रंग लेड क्रोमेट, ज्यात शिसं असतं, तो तर या प्लेटवर दिसतच नाही. ते मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, गाळणकागदावरच राहतं, आणि तुमची प्लेट तीन सुंदर ठिपके दाखवते. शिसं मोजायला धातूंची वेगळी उपकरणं लागतात. स्वच्छ टीएलसी म्हणजे हळद सुरक्षित, असं कुणालाही, घरच्यांनाही, सांगू नका.

संशय असेल तर नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ प्रमाणे खरेदीदारालाही शुल्क भरून अन्नाची तपासणी करून घेता येते. सुटी हळद असेल तर विकत घेतल्याची पावती सांभाळा. पूड कोरड्या स्वच्छ पिशवीत बंद करा, वर तारीख आणि खरेदीची जागा लिहा. त्यातली थोडी पूड न उघडता वेगळी ठेवा, म्हणजे निकालावर शंका आली तर तोच नमुना पुन्हा तपासता येईल.